बांधावरून गेलेली लाइन

हरेशदादांच्या मोबाइलवरून फोन आला तेव्हा मी पडघ्याला मावशीकडे होते. मावसबहिणीचा साखरपुडा होता आणि पहिल्या पंगतीला मी जिलेबी वाढत होते. स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं म्हणून ताट कोणाच्या तरी हातात देऊन मी अंगणात आले आणि नेहमीसारखं म्हटलं, "हां दादा, बोला."  पलीकडून त्यांच्या मुलीचा, निकिताचा आवाज आला. "मनीषाताई, मी बोलतेय... पप्पा गेले. पहाटे, झोपेतच. त्यांच्या फोनमध्ये तुझा नंबर वरच होता, म्हणून आधी तुला केला." हाताला पाक चिकटलेला होता. फोन तसाच कानाला धरून मी मांडवाच्या खांबाशी उभी राहिले. आत कोणीतरी जिलेबी मागत होतं. मावशी बाहेर आली, माझ्याकडे पाहून म्हणाली, "कोण गं?" मी म्हटलं, "माझे साहेब." आणि म्हणताना जाणवलं, की हा शब्द त्यांना पुरत नाही.

या गोष्टीला आता दीड-दोन महिने होतील. हरेश्वर तरे हे नाव वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. ते भिवंडीजवळच्या अंजूरचे. आमच्या औषधांच्या गोदामात नेटवर्क विभागाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली काम करायचे, अजूनही तिथेच करते. गोदामात सगळे त्यांना दादा म्हणायचे, अगदी मुंबईच्या हेड ऑफिसचे साहेबसुद्धा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून त्यांनी बरीच वर्षं मुंबईत बँकांची नेटवर्क उभी केली होती. मग औषध कंपनीने त्यांच्याच गावात, एके काळी त्यांच्या घराण्याच्या असलेल्या जमिनीवर गोदाम बांधलं, तेव्हा ते गावी परत आले. "जिथं भात लावला तिथं रॅक लावले," असं हसत सांगायचे. त्या हसण्यात थोडं दुखणं होतं, हे मला फार नंतर कळलं.

आमचं काम नेमकं काय, हे माझ्या बाबांना समजावून सांगताना मी पुष्कळदा अडखळले आहे, म्हणून इथे सोप्या शब्दांत सांगते. गोदामात इन्सुलिन, लसी, सलाइन, तापाच्या गोळ्या असा माल येतो आणि ठाण्या-नाशकापर्यंतच्या दवाखान्यांना जातो. शीतखोलीचं तापमान सांभाळणारा आणि खोक्यांवरची लेबलं छापणारा संगणक गोदामातच असतो. तो जवळच असावा लागतो, कारण थंडावा कोणाची वाट बघत नाही. पण कुठल्या दवाखान्याने काय मागवलं, कुठल्या खोक्याची मुदत कधी संपते, हा सगळा हिशोब क्लाउडवर, म्हणजे दूरच्या एका मोठ्या डेटा सेंटरमधल्या संगणकांवर चालतो. अर्धं घर इथे आणि अर्धं तिथे. या दोन अर्ध्यांमध्ये जी लाइन असते ती तुटली, तर ट्रक दारात उभा राहतो, माल रॅकवर राहतो आणि खोक्यात काय भरायचं ते बायकांना कळत नाही. ती लाइन तुटू न देणं, आणि तुटलीच तर कोणाला कळू न देणं, हे दादांचं काम.

मी खारबावची. वडील रोजंदारीवर, आधी यंत्रमागावर आणि मग गोदामांमध्ये हमालीला. शाळा जिल्हा परिषदेची, कॉलेज भिवंडीत, बीएस्सी आयटी. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे मुलाखतीला जाताना आईने माझ्या फाइलीला हळदकुंकू लावलं होतं. मला वाटलं होतं, इंग्रजीत प्रश्न येतील. दादांनी समोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या घरी पाणी कसं येतं, काढून दाखव." मी नळ काढला, टाकी काढली, पंप काढला. "लाइट गेली की?" मी हातपंप काढला. "तो पंप आणि हा हातपंप एकाच बोअरवर आहेत का?" मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. ते म्हणाले, "घरी जाऊन बघ आणि उद्या सांग. येताना डबा घेऊन ये, इथलं कॅन्टीन बेकार आहे." नोकरी लागली हे मला त्या डब्याच्या वाक्यावरून कळलं.

(दोन्ही एकाच बोअरवर होते.)

शिकवताना ते पुस्तक क्वचितच उघडायचे. क्लाउडकडे जाणाऱ्या आमच्या दोन लाइन होत्या. एक खास आमच्यासाठी घेतलेली, थेट डेटा सेंटरच्या दारापर्यंत जाणारी. आणि दुसरी साध्या इंटरनेटवरून, पण कुलूपबंद बोगद्यासारखी, म्हणजे व्हीपीएन. पहिली पडली की राउटरने आपोआप दुसरीवर जायचं. मी नवीन असताना एकदा सुचवलं, की दोन्ही लाइन रोज अर्ध्या-अर्ध्या वापरू, नाहीतर दुसरीचे पैसे फुकट जातात. ते म्हणाले, "अंजूर नाक्यावरून भिवंडीला दोन रिक्षा निघाल्या. दोन्ही खच्चून भरलेल्या. एक बंद पडली. तिच्यातली माणसं कुठं बसवशील?" आणि पुढे स्वतःच म्हणाले, "म्हणून एका रिक्षात सगळी मावतील एवढीच माणसं घरातून काढायची. दुसरी रिकामी चालू दे. ती रिकामी आहे म्हणून तर आपण निवांत आहोत." आजही कुठली क्षमता ठरवायची झाली, की माझ्या डोळ्यांसमोर ती रिक्षा येते आणि तिच्यात एकावर एक बसलेली माणसं.

त्यांची एक पद्धत मात्र मी दुसऱ्या कुठल्याही कंपनीत ऐकलेली नाही. महिन्यातून एकदा, भर कामाच्या वेळी, सकाळी अकराला, ते पहिल्या लाइनची केबल हाताने उपसून काढायचे. रविवारी नाही, सुट्टीत नाही, ट्रक लागलेले असताना. त्याआधी पॅकिंगच्या हॉलमध्ये जाऊन मोठ्याने सांगायचे, "बायांनो, तार काढतोय. अडलं तर ओरडा." पॅकिंगला सगळ्या आसपासच्या गावांतल्या बायका. त्यांची मुकादम सुमनबाई. ती हातातला स्कॅनर न थांबवता म्हणायची, "काढा वो. तुमाला दुसरा धंदा न्हाय, आमाला हाय." पाव तास दुसऱ्या लाइनवर काम चालवायचं आणि मग पहिली परत जोडायची. हेड ऑफिसच्या एका तरुण अधिकाऱ्याने एकदा विचारलं होतं, की चालू काम कशाला धोक्यात घालता? दादा म्हणाले, "साहेब, मी समोर उभा असताना पडली तर मी उचलीन. मी घरी जेवत असताना पडली तर तुम्ही उचलाल का?" तो हसला आणि त्याने तो विषय सोडला.

अशी दर महिन्याची परीक्षा पास होत होती, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त होतो. आणि एका सकाळी दोन्ही लाइन एकदम गेल्या.

नाक्याच्या पुढे एका नव्या गोदामाच्या पायासाठी जेसीबी खणत होता. दादा आणि मी स्कूटरवरून तिथे पोहोचलो तेव्हा खड्ड्यातून दोन केबल वर आलेल्या दिसल्या, एक काळी आणि एक नारिंगी, शेजारी शेजारी, दोन्ही तुटलेल्या. जेसीबीवाला खाली उतरून म्हणाला, "साहब, मैंने तो एक ही जगह खोदा." तेवढ्यात केबल टाकणारा ठेकेदारही आला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन, दोन वेगवेगळे नकाशे, आणि दोघींनी खणायचं काम दिलं होतं ते मात्र या एकाच माणसाला. तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "जमीनवालों से बार-बार कौन झगड़ा करेगा, साहब? एक ही नाली में डाल दिया. रंग तो अलग है ना दोनों का." दादा त्या खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले आणि हसू लागले. हसता हसता म्हणाले, "मनीषा, मी तुला पहिल्या दिवशी काय विचारलं होतं? दोन्ही एकाच बोअरवर आहेत का... आणि मी केबल उपसत बसलो, बोअर बघितलाच नाही."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माल हलला नाही. शीतखोली व्यवस्थित होती, कारण ती घरच्या घरी चालत होती. दवाखान्यांना फोन करून, हाताने लिहून, निकडीचं इन्सुलिन तेवढं आम्ही पाठवलं. दुसऱ्या दिवशी मुंबईचे साहेब आले. दादांनी कोणाचं नाव पुढे केलं नाही. "नकाशावर दोन रेघा वेगळ्या दिसल्या म्हणून मी मान्य केलं. चालत जाऊन बघायला पाहिजे होतं. चूक माझी," एवढंच म्हणाले. साहेब भले गृहस्थ होते, पण त्यांचाही नाइलाज होता. पडघ्याला हायवेजवळ कंपनीचं दुसरं गोदाम तयार होत होतं. पावसाळ्याच्या आत इथे खरोखर वेगळ्या वाटेने दुसरी लाइन आली नाही, तर काम पडघ्याला हलवायचं, असं ठरलं. हे ऐकताना मला हॉलमधल्या बायका दिसत होत्या. अंजूरहून पडघा म्हणजे दोन रिक्षा आणि एक बस. घरचं आवरून, पोरं शाळेत धाडून चालत कामावर येणाऱ्या त्या बायकांपैकी पडघ्याला कोणीच जाऊ शकली नसती. सुमनबाईने मला जिन्यात गाठून विचारलं, "खरं सांग गो, आमचं काम जातंय का?" मी म्हटलं, दादा बघतायत.

दादांनी खरोखर बघितलं. म्हणजे चालत. आठवडाभर आम्ही दोघं गोदामाच्या चारी बाजूंनी फिरलो. मोबाइलच्या टॉवरवरून लाइन घ्यावी, तर तो टॉवरही त्याच नालीतल्या केबलवर चालणारा निघाला. गच्चीवर तबकडी लावून हवेतून सिग्नल आणावा, तर समोर नव्या गोदामाची भिंत वर चढत होती. पूर्वेकडच्या सगळ्या शेतांत पायाच्या खुणांचे चुन्याचे पट्टे मारलेले. तिथून केबल नेली, तर आज ना उद्या तिथेही जेसीबी येणार. एकच बाजू उरत होती, मागची, खाडीकडची. मागच्या भिंतीला लागून एक भाताचं शेत, त्याच्या बांधाने सरळ गेलं की जुना गावरस्ता, आणि त्या रस्त्यावरून दुसऱ्या कंपनीची केबल जात होती, वेगळ्याच केंद्रातून आलेली. "मग इथूनच नेऊ या की," मी म्हटलं. दादा त्या शेताकडे बघत होते. "ते बाळारामचं हाय," म्हणाले. घरची बोली त्यांच्या तोंडून ऑफिसच्या वेळेत मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

बाळारामशेठ म्हणजे त्यांचे सख्खे चुलत भाऊ, वयाने थोडे मोठे. आज्याच्या जमिनीच्या वाटण्या झाल्या तेव्हा दोघांची शेतं शेजारी शेजारी आली. पुढे गोदामवाले आले. सगळ्या भाऊबंदांनी एकत्र जमीन द्यायची असं ठरलं, पण बाळारामशेठ अडून बसले. मी विकणार न्हाय, मी भात लावणार. त्यांच्यामुळे सौदा रखडला. घरच्या बैठकीत लोक त्यांना नाही नाही ते बोलले, आणि त्यात दादाही होते. शेवटी त्यांचं शेत वगळून गोदाम बांधलं गेलं. तेव्हा बाळारामशेठ म्हणाले होते, की त्या गोदामाच्या जमिनीवर मी पाय ठेवणार नाही आणि तुमच्या घरातही. त्यानंतर दोन्ही घरांत लग्नं झाली, हळदी झाल्या, पण एकमेकांना आमंत्रण नाही. रस्त्यात समोर आले तर एकजण पानाच्या टपरीकडे वळायचा.

बाळारामशेठकडे जायच्या दिवशी दादा मला म्हणाले, "तू पण चल. परक्या पोरीसमोर तो शिव्या देणार न्हाय." मी नकाशा घेतला. ते म्हणाले, नकाशा नको.

बाळारामशेठ ओटीवर जाळं शिवत बसले होते. आम्हाला बघून त्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली. "कोन? तरे साहेब? रस्ता चुकलात काय?"

"न्हाय. बरोबर आलोय," दादा म्हणाले. बस म्हणायची वाट न बघता पायरीवर बसले. मी उभीच.

"ही कोन?"

"माझ्या हाताखाली हाय. मनीषा. खारबावची."

"बस गो. तुझं काय भांडन न्हाय माझ्याशी."

दादांनी आडवळणाने काही सांगितलं नाही. दोन्ही लाइन कशा तुटल्या, काम पडघ्याला जाईल, बायका घरी बसतील, आणि तुझ्या बांधाखालून हातभर खोल एक केबल जाऊ दे. बाळारामशेठ ऐकत होते. जाळ्यातून सुई जात-येत होती. मग म्हणाले, "एवढी सगळी जमीन विकली तुमी. त्यातून न्हाय जात तुमची वायर? माझाच बांध सापडला?"

"विकली म्हनूनच न्हाय जात."

सुई थांबली.

"बाकी सगल्यांच्या जमिनीत उद्या जेसीबी येनार," दादा म्हणाले. "कोन कवा विकंल, कोन कवा खनंल, मना सांगता येत न्हाय. या अख्ख्या पट्ट्यात एकच जागा हाय, जी पुढली वीस वर्षं कोन खननार न्हाय. कारन तू ती देनार न्हायस. तवा आमी तुला हट्टी बोललो. मी पन बोललो, सगल्यांसमोर. आज मना तोच हट्ट पायजे, बाळाराम."

मी आजवर नेटवर्कची खूप डिझाइनं पाहिली, परिषदांमध्ये मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली. भरवशाची वाट कशी निवडावी, याचं त्याहून चांगलं कारण मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

बाळारामशेठनी जाळं बाजूला ठेवलं. आतून त्यांच्या बायकोने, चंद्राकाकूंनी, चहाचे कप आणून ठेवले. दादांच्या पुढ्यात कप ठेवताना त्या "किती वाळलायस रे हरेश," म्हणाल्या आणि लगेच आत गेल्या. बाळारामशेठनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग बाळारामशेठ म्हणाले, "ती वायर नीट हाय का, ते बघायला यावं लागंल तुला?"

"महिन्यातून एकदा तरी. बांध चालून बघावा लागंल."

"मग एक सांगतो. त्या बाजूनं, भिंतीवरून उडी मारून यायचं न्हाय. हिकडनं, घरातनं यायचं. आनि आलास की जेवून जायचं. जमत असंल तर टाक वायर."

दादांनी मान हलवली.  परत जाताना नाक्याजवळ त्यांनी स्कूटर थांबवली, उतरून टपरीवरून पाण्याची बाटली घेतली आणि तिथेच बराच वेळ तोंड धूत राहिले. मी दुसरीकडे बघत होते.

पावसाळ्याच्या आत, जुन्या दुसऱ्या लाइनच्या जागी, ही नवी लाइन आली. खणताना दादा रोज हजर. या वेळी ठेकेदारही वेगळा, आणि केबल गोदामात शिरली ती मागच्या भिंतीतून. तिचा राउटर वेगळ्या खोलीत, तिची बॅटरी वेगळी. "एकानं दुसऱ्याचं तोंडपन बघायचं नाही," ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे, कारण भावांनी मात्र आता बघायला सुरुवात केली होती. साहेबांनी येऊन परीक्षा घेतली, आणि काम अंजूरलाच राहिलं. त्या आनंदात सुमनबाईने हॉलमध्ये सगळ्यांना घरून करून आणलेले तांदळाचे लाडू वाटले आणि दादांना दोन दिले. "एक तार काढायचा, एक तार लावायचा," असं म्हणाली.

मग दर महिन्याचा तो दिवस ठरूनच गेला. सकाळी अकराला केबल उपसायची, आणि दुपारी दादा बाळारामशेठच्या घरातून बांधावर जायचे. कधी मला न्यायचे. दोघं भाऊ बांधाने पुढे-मागे चालायचे. केबलची वाट दाखवायला बसवलेले छोटे दगड जागेवर आहेत का, खेकड्यांनी बांध पोखरला आहे का, ते बघायचे, आणि भातावर, भरतीवर, निकिताच्या लग्नाच्या स्थळांवर बोलायचे. मग तांदळाची भाकरी, सुकट, कधी ताजी कोलंबी. खरं तर लाइन चालू आहे हे दादांना ऑफिसातल्या पडद्यावर दर सेकंदाला दिसायचं. तरी महिन्याची ती फेरी त्यांनी चुकवली नाही. निकिताच्या हळदीत सगळ्यात पुढे नाचले ते बाळारामशेठ. एका श्रावणात पुढच्या रस्त्यावर परत खणाखणी झाली आणि पहिली लाइन दोन दिवस बंद होती. ते दोन दिवस सगळा माल बांधावरच्या लाइनवर गेला आणि दवाखान्यांना काही कळलंसुद्धा नाही. दादांनी मला तेव्हा घरी बोलावलं. डिझाइनच्या मूळ आराखड्यावर त्यांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं आणि ते हेड ऑफिसला पाठवून दिलं. माझ्या बाबांनी त्या आराखड्याची झेरॉक्स भिंतीवर लावली आहे. त्यांना त्यातलं एकच अक्षर वाचता येतं, मनीषातला म.

असे ते होते. मी त्यांच्याबद्दल दुःखाने लिहायला बसले होते, पण लिहिताना जास्त करून समाधानच वर येतंय. ज्या माणसाने आपलं काम एवढं नीट उभं केलं, ज्याने तुटलेलं घरही त्याच ओघात जोडलं, आणि जो आपल्याच घरात, आपल्याच गावात झोपेत गेला, त्याच्याबद्दल रडायचं तरी किती.

काळजी मात्र एक होती. त्यांच्या दिवसकार्यानंतर हेड ऑफिसमधून विचारणा आली, की मागच्या शेतातून जाणाऱ्या लाइनला जमीनमालकाची लेखी परवानगी आहे का? नव्हती. दोन भावांचा शब्द होता, आणि त्यातला एक आता नव्हता. उद्या बाळारामशेठ म्हणाले, की मी हरेशला दिलं होतं, तुमच्या कंपनीला नाही, तर आम्हाला काय बोलता येणार होतं? सुमनबाईच्या कानावरही ते गेलंच. तिने परत जिन्यात गाठलं. या वेळी "दादा बघतायत" म्हणायची सोय नव्हती. मी म्हटलं, "मी बघते."

मी गेले, घरातून. बाळारामशेठ ओटीवर होते, जाळं नव्हतं हातात, नुसतेच बसले होते. दाढी वाढलेली. चंद्राकाकूंनी न विचारता ताट वाढलं आणि मी न बोलता जेवले. मग कसंबसं परवानगीचं विचारलं. ते म्हणाले, "आन तुझा कागद, करतो सही. पन आधी मना एक दाखव. ती वायर माझ्या बांधावरनं जाते कुठं?"

"गोदामात, काका."

"ते माहीत हाय. दाखव."

ठरलेल्या दिवशी अकराच्या थोडं आधी ते आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला होता. गेटवर ते थोडे थबकले. त्या जमिनीवर पाय ठेवणार नाही असं म्हटल्याला किती वर्षं झाली असतील, मी मोजलं नाही. गेटवरच्या पहारेकऱ्याने नियमाप्रमाणे विचारलं, "चाचा, किससे मिलना है?" बाळारामशेठ त्याला म्हणाले, "ये मेरे दादा की जगह है. किससे मिलूँ, तू ही बता." मी धावत पुढे गेले आणि त्यांना आत घेऊन आले.

नेटवर्कच्या खोलीत दादांच्या खुर्चीवर कोणी बसत नाही. ठरवून नाही, तसंच झालंय. बाळारामशेठ मात्र सरळ जाऊन त्या खुर्चीत बसले आणि मला ते फार बरं वाटलं. मी हॉलमध्ये जाऊन ओरडले, "बायांनो, तार काढतेय!"  सुमनबाई म्हणाली, "काढ, काढ. आमी हाय." मी खोलीत आले आणि पहिल्या लाइनची केबल उपसली. पडद्यावर एक हिरवी रेघ लाल झाली, क्षणभर सगळं थांबल्यासारखं वाटलं, आणि मग दुसरी रेघ भराभर जाड होत गेली. काचेपलीकडे स्कॅनरचे आवाज चालूच होते. खोकी सरकत होती. कोणीही वर बघितलं नाही.

"झालं?" बाळारामशेठनी विचारलं.

"झालं."

"म्हंजे आता जे काय चाललंय ते..."

"सगळं तुमच्या बांधावरून, काका."

ते काचेतून बघत राहिले. एक ट्रक भरून निघाला, त्याच्या जागी दुसरा लागला. हॉलमध्ये कोणीतरी काहीतरी बोललं आणि बायका हसल्या. "ही बंद कवा करतेस?" त्यांनी विचारलं.

"दादा पाव तास ठेवायचे. होतच आला," मी म्हटलं आणि केबल परत जोडायला वाकले.

"ऱ्हाऊ दे गो," ते काचेवरची नजर न काढता म्हणाले. "अजून थोडा येल... माझ्याकडनंच जाऊ दे."

मी स्टूल ओढलं आणि केबल मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले.